नांगर विकल्यानंतरची गोष्ट : लक्ष्मणराव किर्लोस्कर

पोळा सरला की चार दिवसांत गणपती येतात. गणपती उठले, सोयाबीन घरात आले, की आपल्या हातोदच्या शिवारात गव्हा-हरभऱ्याच्या ओलिताची तयारी सुरू होते. विहिरीवरच्या, बोअरवरच्या मोटारी चालू करून पाहिल्या जातात. कुणाचा फूट व्हॉल्व पाणी धरत नाही, कुणाचे बेअरिंग वाजते, कुणाच्या पंपाच्या ग्लँडमधून पाणी गळते. मग झिजलेला भाग पिशवीत घालून कुणीतरी इंदूरची वाट धरतो आणि सियागंजातल्या एखाद्या दुकानात जाऊन उभा राहतो. दुकानदार कंपनी विचारतो, हॉर्सपॉवर विचारतो आणि मागच्या फळीवरून एक लहानसा डबा काढून देतो. संध्याकाळपर्यंत तो भाग पंपात बसतो आणि पाणी सुरू होते.

यात कुणाला काही नवल वाटत नाही. दहा वर्षांपूर्वी घेतलेल्या पंपाला आज विकत आणलेला भाग तंतोतंत बसावा, यात नवल ते काय? पण सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याकडच्या शेतकऱ्याला ही गोष्ट अशक्य वाटत होती. यंत्र विकत घेतले आणि ते मोडले तर पुढे काय, या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नव्हते. ते उत्तर ज्यांनी हयातभर कष्ट करून दिले त्यांत लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचे नाव फार वरचे आहे. लोखंडी नांगराचे कारखानदार म्हणून त्यांना सगळे ओळखतात. नांगर विकल्यानंतर त्यांनी काय केले, याची आठवण मात्र फारशी काढली जात नाही. या लेखात ती काढायची आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही त्याच गावचे. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. घरात पोथ्यापुराणांचे वातावरण. मुलाचे लक्ष मात्र शाळेच्या पुस्तकांपेक्षा चित्रांत आणि हाताने काही घडवण्यात. चित्रकला शिकायला मुंबईला जाण्याचा त्यांचा हट्ट वडिलांना रुचला नाही. थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तिथे एक विचित्र अडचण निघाली. त्यांना काही रंगांतला फरक नीट ओळखता येत नव्हता. चित्रकाराची वाट तिथेच खुंटली. पण रेषेवर त्यांची हुकमत होती. ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. यंत्राचा प्रत्येक भाग वेगळा काढून त्याचे माप कागदावर उतरवायचे, हे त्यांचे रोजचे काम. सगळे यंत्र एकदम पाहण्याऐवजी त्याचे सुटे भाग मनात मांडण्याची सवय त्यांना इथे लागली असावी.

याच काळात मुंबईत सायकल नवी होती. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि रामूअण्णांनी त्या बेळगावात विकायच्या, असा भावाभावांचा धंदा सुरू झाला. किर्लोस्कर उद्योगाची सुरुवात १८८८ सालची धरली जाते ती याच दुकानापासून. सायकलची किंमत सातशे ते हजार रुपये. ती घेणारा माणूस मोठा अधिकारी किंवा सधन वकील-डॉक्टर असायचा. पण त्यालाही ती चालवता कुठे येत होती? म्हणून रामूअण्णा सायकल शिकवायचे आणि त्याचे पंधरा रुपये घ्यायचे. बिघडलेली सायकल दुरुस्तही करून द्यायचे.

हा पंधरा रुपयांचा हिशेब लहान वाटेल, पण व्यापाराची एक मोठी गोष्ट त्यात आहे. वस्तू विकली की व्यवहार संपत नाही. शिकवणी, दुरुस्ती, पंक्चर, नवा टायर, तुटलेली तार, घंटी, दिवा, हे सगळे विक्रीनंतर सुरू होते. सायकल एकदाच विकली जाते. तिच्यामागून येणारी कामे ती सायकल मोडीत निघेपर्यंत चालू राहतात. आज मोटारींचा सबंध व्यापार या तत्त्वावर चालतो. बेळगावच्या त्या लहानशा दुकानात दोघा भावांनी ते स्वतःच्या अनुभवातून ओळखले.

मुंबईच्या नोकरीत लक्ष्मणरावांना हक्काची बढती मिळाली नाही. त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती जागा देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला परतले. कायमचा पगार सोडून दुकानदारीत उतरणे हा त्या काळच्या ब्राह्मण घरात सोपा निर्णय नव्हता. बेळगावात त्यांनी पडेल ते काम केले. विहिरीवर पवनचक्क्या बसवून दिल्या, बारीकसारीक वस्तू तयार केल्या. मग ठळकवाडीला लहानसा कारखाना घातला आणि कडबा कापण्याचे यंत्र काढले. इथे पुन्हा तोच प्रश्न समोर आला. कडबा कापणाऱ्या यंत्राचा सांगाडा वीस वर्षे टिकेल, पण पाते टिकणार नाही. त्याची धार जाणार, ते झिजणार, कधीतरी तुटणार. ज्या दिवशी नवे पाते मिळणार नाही त्या दिवसापासून तो सांगाडा म्हणजे गोठ्यातली अडगळ.

यानंतर लोखंडी नांगर आला. साल १९०३.

त्याआधी आपला नांगर कसा होता ते आठवू. बाभळीच्या लाकडाचा नांगर गावचा सुतार घडवायचा. त्याच्या टोकाला लोखंडी फाळ असायचा तो गावचा लोहार बसवायचा. फाळ बोथट झाला की लोहाराच्या भट्टीत लाल करून, ठोकून पुन्हा धारदार व्हायचा. सुतार-लोहार दोघेही बलुतेदार. त्यांना वर्षाच्या शेवटी खळ्यावर धान्य मिळायचे. म्हणजे नांगर मोडला तर शेतकऱ्याला खिशात पैसा असण्याची गरज नव्हती आणि गावाबाहेर जाण्याचीही नव्हती. दुरुस्ती हाकेच्या अंतरावर होती. आपल्या माळव्यातही नांगर आणि वखर याच रीतीने चालायचे.

लक्ष्मणरावांचा नांगर विलायती नांगर समोर ठेवून घडवलेला होता. तो जमिनीत खोल जायचा, माती पालथी करायची त्याची ताकद होती, कुंदा-हरळीसारखे चिवट तण मुळासकट उपसून काढायचा. गुणांत कमी नव्हता. तरी दोन वर्षे एकही नांगर खपला नाही. लोखंडाने जमीन नासते, विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती.

या समजुतीला आपण आज हसतो. पण तिच्या आड एक अत्यंत व्यवहारी भीती असली पाहिजे. नव्या नांगराचा फाळ ओतीव लोखंडाचा होता. ओतीव लोखंड गावच्या भट्टीत तापवून ठोकता येत नाही, हातोडा पडला की ते फुटते. तुटले तर लोहाराला सांधता येत नाही. म्हणजे हा नांगर घेतला की सुतार-लोहाराचा आधार सुटला. पेरणीच्या तोंडावर फाळ तुटला, तर बैलजोडी दावणीला उभी आणि शेतकरी बेळगावच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला. पावसाच्या शेतीत आठ दिवस हुकले तर वर्ष हुकते. नांगराची किंमत रुपयांत सांगता येते, हुकलेल्या पेरणीची सांगता येत नाही. शेतकरी ज्याला घाबरत होता ते लोखंड नव्हते, परावलंबन होते.

हा प्रश्न जगात इतरत्र आधीच येऊन गेला होता. इंग्लंडमध्ये इप्स्विचच्या रॉबर्ट रॅन्समने १७८५ साली ओतीव लोखंडाच्या फाळाचे पेटंट घेतले. १८०३ साली त्याला फाळ कडक करण्याची खरी युक्ती साधली. साच्याची खालची बाजू लोखंडाची आणि वरची वाळूची ठेवली, तर खालून लोखंड झटकन थंड होऊन अतिशय कठीण होते आणि वरून सावकाश थंड होऊन त्या मानाने मऊ राहते. असा फाळ चालवताना वरचा भाग आधी झिजतो, खालचा टिकतो आणि धार आपोआप लागत राहते. पण त्याहून महत्त्वाचे काम त्याने १८०८ साली केले. नांगराचे भाग एकसारख्या मापाचे आणि बदलता येण्याजोगे केले. भाग झिजला की शेतकऱ्याने शेतातच जुना काढून नवा बसवायचा. त्या काळी हे नवे होते. प्रत्येक नांगराला स्वतःचा फाळ असायचा, दुसऱ्याचा त्याला बसायचा नाही.

विलायती नांगर आपल्याकडे येत होते, पण त्यांचे भाग बोटीने यायचे. साता समुद्रांपलीकडून फाळ येईपर्यंत हंगाम संपायचा. तेव्हा देशी कारखान्याचे खरे बळ स्वस्ताईत जेवढे होते त्याहून अधिक जवळिकीत होते. मात्र जवळ असणे पुरेसे नव्हते. भाग चांगलाही असायला हवा होता.

आणि तो चांगला नव्हता. दोन वर्षांनी एका जाणत्या शेतकऱ्याने धाडस करून काही नांगर नेले. थोड्याच दिवसांत त्याची तक्रार आली. नांगर ठीक आहे, पण फाळाचे टोक ठिसूळ आहे, तुटते. नव्या कारखानदाराच्या आयुष्यात हा कसोटीचा क्षण. दोन वर्षांनी मिळालेले पहिले गिऱ्हाईक, आणि तेच दोष दाखवत आहे. जमीनच खडकाळ आहे, नांगर नीट चालवला नाही, असे म्हणून हात झटकता आले असते. लक्ष्मणरावांनी तक्रार खरी मानली. भट्टीतल्या लोखंडाचे मिश्रण बदलत, थंड करण्याची रीत बदलत त्यांनी फाळ सुधारला. त्यांना धातुशास्त्राची पदवी नव्हती. परदेशी मासिके वाचायची, करून पाहायचे, फसले की पुन्हा करायचे, हीच त्यांची शाळा. सुधारलेला फाळ टिकला आणि नांगर खपू लागले.

म्हणजे किर्लोस्करांचा नांगर चालला तो सुट्या भागामुळे. फाळ हा सगळ्या नांगराच्या मानाने लहान, पण तोच मातीला भिडतो, तोच झिजतो आणि त्याच्यावरच सगळ्या नांगराची अब्रू अवलंबून असते.

धंदा जरा मार्गी लागतो तोच ठळकवाडीची जागा सोडण्याचा नगरपालिकेचा हुकूम आला. वस्ती वाढवायची होती. कारखाना हलवणार कुठे? त्याच सुमारास औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणरावांना औंधला एक सभागृह बांधण्याच्या कामासाठी बोलावले होते. बाळासाहेब स्वतः चित्रकार, गुणी माणसाची पारख असलेले राजे. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर माळरान दिले आणि भांडवलालाही मदत केली. १० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव थोड्या सोबत्यांसह तिथे उतरले. निवडुंग, साप, उन्हाळा आणि पाण्याची टंचाई. रामूअण्णा, शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर, के. के. कुलकर्णी अशी माणसे बरोबर होती. यांतल्या बहुतेकांजवळ पदव्या नव्हत्या, कामाची नजर होती. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई यांनी त्या उजाड माळावर संसार मांडला. या वसाहतीचे नाव पडले किर्लोस्करवाडी. तिथे जातीची शिवाशीव पाळायची नाही असा दंडक होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना पहाऱ्याचे काम विश्वासाने दिले गेले.

कारखान्यासाठी ही जागा अडचणीची दिसली तरी तिच्यात एक सोय होती. बाजूने पुणे-मिरज रेल्वे जात होती. नांगर जड, त्याची ने-आण खर्चाची. पण फाळांचे ओझे मालडब्यात टाकले की स्टेशनास्टेशनांवरच्या अडत्याकडे पोचते करता येत होते.

आता सुट्या भागांच्या धंद्यातली खरी कठीण बाजू पाहू. नांगर गिऱ्हाईक आल्यावर विकता येतो. फाळ मात्र गिऱ्हाईक येण्याआधी दुकानात असावा लागतो. म्हणजे हंगामापूर्वी तो ओतायचा, तपासायचा, गावोगावच्या दुकानदारांकडे पोचवायचा आणि वाट पाहायची. पाऊस लांबला तर माल पडून राहतो, पैसा अडकतो. दुसरे असे की भागाचे माप बदलण्याची मोकळीक राहत नाही. फाळाला बोल्टची भोके जिथे आहेत तिथेच राहिली पाहिजेत. यंदा भोक अर्ध्या बोटाने सरकवले, तर मागची पाच वर्षे विकलेले सारे नांगर निकामी. विकलेला प्रत्येक नांगर कारखान्याला एका वचनाने बांधून ठेवतो. लाकडी साचा करणारा सुतार, भट्टीवरचा ओतारी, भोक पाडणारा कामगार, या सगळ्यांनी ते वचन रोज पाळायचे असते. यांत्रिक रेखाटनाचा शिक्षक असलेल्या माणसाला या शिस्तीचे मोल कुणी समजावून सांगायला नको होते.

तिसरी बाजू मोहाची. शेतकऱ्याने नांगर घेतला की तो बांधला जातो. दुसऱ्या कुणाचा फाळ त्याला बसत नाही. मग फाळाची किंमत चढी लावायला हरकत कोणती? जगातल्या कितीतरी कंपन्यांनी हा मार्ग धरला. मुख्य वस्तू स्वस्तात द्यायची आणि नफा सुट्या भागांवर काढायचा. घरातल्या प्रिंटरची शाई विकत घेणाऱ्याला हे सांगायला नको. खेड्यात मात्र ही चलाखी फार दिवस चालत नाही. नांगर उघड्या शिवारात चालतो आणि सगळे गाव बांधावरून पाहत असते. एका शेतकऱ्याची बैलजोडी फाळाअभावी उभी राहिली, तर त्याच्या शेजारचे दहाजण नांगर घेत नाहीत. फाळ वेळेवर आणि रास्त भावात मिळाला, तर तेच दहाजण पुढच्या हंगामात दुकानात येतात. खेड्यात नांगराची जाहिरात शेजाऱ्याचा नांगरच करतो.

पहिल्या महायुद्धात या सगळ्याची परीक्षा झाली. विलायती माल येणे थांबले, तशी देशी नांगरांना मागणी वाढली. पण कच्चे लोखंड मिळेना, कोळसा मिळेना. लक्ष्मणरावांनी भट्टीसाठी लोणारी कोळसा वापरून पाहिला. मोडीचे लोखंड जमवले. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी गडावरच्या जुन्या निकामी तोफा वितळवण्यासाठी दिल्या. तोफांचे नांगर झाले ही गोष्ट आपल्याकडे कौतुकाने सांगितली जाते आणि ती सांगण्याजोगीही आहे. लढाईच्या त्या वर्षांत ज्यांनी विलायती नांगर घेतले होते त्यांच्यापुढे मोठी पंचाईत होती, कारण बोटीच बंद होत्या. देशात कारखाना असण्याचा अर्थ तेव्हा लोकांना कळला. यंत्र परदेशातून एकदा आणता येते, त्याचे सुटे भाग जन्मभर परदेशातून आणणे परवडत नाही.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी किर्लोस्कर खबर नावाचे लहानसे नियतकालिक सुरू केले. कारखान्याची बातमी कामगारांना, अडत्यांना आणि गिऱ्हाइकांना कळावी हा त्याचा मूळ हेतू. पुढे तेच किर्लोस्कर मासिक झाले. त्याच्या मागून स्त्री आणि मनोहर निघाली आणि ही तिन्ही मासिके इंदूर-देवास-उज्जैनच्या मराठी घरांतही येऊ लागली. आपल्यापैकी अनेकांच्या आजी-आजोबांनी ती जपून ठेवली होती, बांधून घेतली होती. त्या मासिकांचे बीज कारखान्याच्या आणि गिऱ्हाइकाच्या नात्यात होते, हे पुष्कळांना माहीत नसते. नांगर विकून झाल्यावरही शेतकऱ्याशी बोलत राहावे, या गरजेतून मराठी वाचकाला एक मोठे मासिक मिळाले.

चांगल्या धंद्याला प्रतिस्पर्धी येतातच. साताऱ्याजवळ धनजीशा कूपर यांचा कारखाना निघाला आणि तोही नांगर करू लागला. शिवाय नांगर गावोगावी पसरले, तसे त्यांचे फाळ ओतून देणारे लहानमोठे कारखानेही उभे राहिले. भाग एका मापाचा झाला की त्याची नक्कल सोपी होते. त्याची भोके, त्याची लांबी-रुंदी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते. मूळ कारखान्याला ही नक्कल खुपते आणि ते स्वाभाविक आहे, कारण कमअस्सल फाळ तुटला तरी नाव मूळ नांगराचेच बदनाम होते. पण शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर चित्र थोडे वेगळे दिसते. एकाच कारखान्यावर विसंबून राहण्याची वेळ त्याच्यावर येत नाही. भाव आटोक्यात राहतात. मूळ कारखान्यालाही आपल्या मालाची प्रत टिकवून ठेवावी लागते.

ही गोष्ट पुढे तेलावरच्या इंजिनांच्या काळात फार मोठ्या प्रमाणावर घडली. १९२६ च्या सुमारास किर्लोस्करवाडीत पाण्याचे पंप तयार होऊ लागले. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतून इंजिनिअर होऊन परतले होते. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स आणि बंगळूरला किर्लोस्कर इलेक्ट्रिक या कंपन्या निघाल्या. विहिरीवरची मोट गेली, इंजिन आले. इंजिनाला पिस्टन, रिंगा, लायनर, बुश, व्हॉल्व, नोझल, असे झिजणारे कितीतरी भाग. कोल्हापूरच्या उद्यमनगरात या भागांचे कारखाने गल्लोगल्ली उभे राहिले. ज्या मिस्त्र्यांनी आधी दुरुस्ती केली तेच पुढे कारखानदार झाले. सुट्या भागांच्या बाजाराने हजारो हातांना काम दिले.

लक्ष्मणरावांच्या उतारवयातली आणखी एक घटना या संदर्भात महत्त्वाची आहे. १९४१ साली म्हैसूर संस्थानात हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर हा कारखाना सुरू झाला आणि तिथे लेथ होऊ लागले. लेथ म्हणजे यंत्रांची आई. फिरत्या लोखंडावर पाते टेकवून हवा तो गोल भाग त्यावर कातता येतो. असा लेथ तालुक्याच्या गावी एखाद्या मिस्त्रीकडे आला की बुश झिजले म्हणून पुण्या-मुंबईकडे धावण्याचे कारण उरत नाही. मिस्त्री माप घेतो आणि दुपारपर्यंत नवा भाग कातून देतो. लोखंडी नांगराने दुरुस्ती गावच्या लोहाराच्या हातून काढून दूरच्या कारखान्याकडे नेली होती. लेथने तिचा काही भाग पुन्हा गावाकडे आणला. लोहाराच्या ऐरणीची जागा लेथ मशीनने घेतली, एवढाच फरक. एकाच घराण्याच्या कामात हे वर्तुळ पुरे व्हावे, आणि तेही लक्ष्मणरावांच्या हयातीत, याला योगायोग तरी किती म्हणायचे!

१९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावण्यात आली. लक्ष्मणराव तेव्हा एकोणऐंशीच्या घरात होते. अडतीस वर्षांची मेहनत डोळ्यांदेखत जळणे म्हणजे काय, याची कल्पनाच करावी. कारखाना पुन्हा उभा केला गेला, पुन्हा माल बाहेर पडू लागला. मोडले तर टाकून द्यायचे नाही, दुरुस्त करून चालू करायचे, हा यंत्राचा धर्म माणसांनीही पाळला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. पुण्याच्या मॉडेल कॉलनीतल्या रस्त्याला त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून लकाकि हे नाव आहे.

आपल्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर, देवासला, किर्लोस्कर ब्रदर्सचा पंपांचा कारखाना आहे. पिढ्यान् पिढ्या माळव्यात रुजलेल्या मराठी घरांना ही जवळीक सुखावते. पण अभिमानाला खरा आधार कारखान्याच्या पाटीपेक्षा हातोदच्या मोटर-वाइंडिंगच्या दुकानात सापडतो. तिथे जळालेली मोटर उघडून बसलेला मिस्त्री तारेचे माप घेतो, जुनी तार काढून नवी भरतो, बेअरिंग बदलतो आणि संध्याकाळी मोटर विहिरीवर परत जाते. त्याने कदाचित लक्ष्मणरावांचे नाव ऐकलेही नसेल. पण आज आणलेले बेअरिंग दहा वर्षांपूर्वीच्या मोटारीत बसणारच, हा त्याचा विश्वास कुणीतरी आधी कमावून ठेवलेला आहे.

उलट परिस्थितीही आपण सगळे रोज अनुभवतो. घरातले मिक्सर दोन वर्षांत बंद पडते आणि त्याचा एक लहानसा भाग मिळत नाही म्हणून अख्खे यंत्र भंगारात जाते. मॉडेल बंद झाले, आता नवीनच घ्या, असे काउंटरवरून सांगितले जाते. मोबाईलची बॅटरी चिकटवून टाकलेली असते, म्हणजे ती आपण बदलूच नये. शेतात तर याची किंमत फार मोठी असते. नव्या पद्धतीचे पेरणी यंत्र स्वस्तात मिळाले म्हणून घ्यावे, आणि ऐन पेरणीत त्याचा एक दातेरी चक्रासारखा भाग तुटला की कळावे, तो विकणारा यंदा दुसऱ्याच धंद्यात आहे. बेळगावच्या शेतकऱ्याने १९०३ साली जी भीती बाळगली होती ती काही खोटी नव्हती.

म्हणून यंत्र घेताना आपल्या वडीलधाऱ्यांनी जो प्रश्न विचारला तोच आपणही विचारावा. किमतीच्या आधी, रंगाच्या आधी, सवलतीच्या आधी विचारावे, की याचे भाग कुठे मिळतात आणि किती वर्षे मिळतील? ज्या दुकानदाराजवळ याचे सरळ उत्तर आहे त्याच्याकडून दोन पैसे जास्त देऊन यंत्र घ्यावे. आणि आपल्यापैकी जे स्वतः काही करतात, विकतात, दुरुस्त करतात, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की गिऱ्हाईक पैसे मोजून दुकानाबाहेर पडते तेव्हा आपले काम संपत नाही. लक्ष्मणरावांचे खरे काम तक्रार घेऊन परत आलेल्या एका शेतकऱ्यापासून सुरू झाले. त्या दिवशी त्यांनी तुटका फाळ हातात घेतला, दोष मान्य केला आणि भट्टीकडे वळले. पुढचे सारे त्यातून आले.